कमी पैशातले भयपट आणि विज्ञानपट कसे बघावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं लाकडी पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लागणाऱ्या लाकडी नमुन्यांचं, वर्कशॉप आहे. त्याच्या माळ्यावर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रात्री आम्ही ओळखीपाळखीची बारा-पंधरा माणसं जमतो आणि कमी पैशात बनलेला एखादा भयपट नाहीतर विज्ञानपट बघतो. सहा वर्षं हे चाललंय. सिनेमा संपल्यावर आणि नंतर आठवडाभर फोनवर लोक जे विचारतात ते बरंचसं तेच ते असतं. म्हणून एकदा नीट बसून लिहून काढलं. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच तोंडचे ठेवलेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे क्रमांक दिलाय.

१. ताई, 'लो बजेट' म्हणजे नक्की किती? आकडा सांगा.

एकच आकडा सांगता येत नाही, कारण काळ आणि देश बदलला की पैशाची किंमत बदलते. १९६८चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये झाला. १९७८च्या 'हॅलोवीन'ला सव्वातीन लाखांच्या आसपास लागले. २००४चा 'प्रायमर' ७ हजारात उरकला. मी तिन्ही या गटात धरते.

माझी खूण वेगळी आहे. पैशाची अडचण पडद्यावरच्या निर्णयात दिसते का, एवढंच मी बघते. 'हॅलोवीन'मधल्या खुन्याला मुखवटा हवा होता. दुकानात दोन डॉलरच्या आत 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा तयार मुखवटा मिळाला. त्याला पांढरा रंग मारला, डोळ्यांची भोकं मोठी केली. हाताशी भरपूर पैसा असता तर कुणीतरी त्या चेहऱ्यावर जखमा काढल्या असत्या, दात बसवले असते, आणि तो कोरा, कशाचंच काही न वाटणारा चेहरा गेला असता.

२. एवढे मोठे सिनेमे मोबाइलवर मिळत असताना हे कशाला बघायचे?

कारण यात माणसाचा हात दिसतो. मोठ्या सिनेमात एखादी गोष्ट का आहे याचं उत्तर बऱ्याचदा 'परवडली म्हणून' एवढंच असतं. इथे प्रत्येक वस्तूसाठी दुसरं काहीतरी सोडावं लागलेलं असतं, त्यामुळे जे उरलंय त्याला वजन येतं.

हर्क हार्वी नावाचा माणूस अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी कारखान्यांसाठी आणि शाळांसाठी माहितीपट करायचा. गाडीने परत येताना युटामधल्या खाऱ्या तळ्याकाठी त्याला एक ओसाड पडलेली करमणुकीची इमारत दिसली. ती जागा डोक्यात बसली, गोष्ट मागून आली. साधारण ३३ हजार डॉलरमध्ये १९६२ साली 'कार्निव्हल ऑफ सोल्स' तयार झाला. त्याने पूर्ण लांबीचा कथापट असा हा एकच केला. त्या रिकाम्या इमारतीत बाई एकटी चालत जाते तेव्हा सेट बांधल्याचा वास कुठेच येत नाही. ती जागा खरंच सोडून दिलेली होती, आणि ते अंगावर येतं.

३. मी यातला एकही बघितलेला नाही. सुरुवात कुठून करू?

'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'पासून. एक घर, बाहेर मेलेली माणसं, आत भांडणारी जिवंत माणसं. गोष्ट पाच मिनिटांत कळते, आणि खरी भीती आतल्या माणसांचीच वाटायला लागते. नायकाच्या भूमिकेत ड्युएन जोन्स हा कृष्णवर्णीय नट आहे. १९६८च्या अमेरिकेत ती साधी गोष्ट नव्हती. शेवट सांगत नाही.

त्यानंतर २०१७चा जपानी 'वन कट ऑफ द डेड'. यासाठी एकच विनंती आहे. पहिली ३७ मिनिटं एका सलग शॉटची आहेत. ती ओबडधोबड वाटतील, कुणीतरी उठायला निघेल. उठू देऊ नका. त्याविषयी आधी काही वाचूही नका. आमच्याकडे हा सिनेमा संपला तेव्हा दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं.

'प्रायमर'ने सुरुवात करू नका (प्रश्न ८).

४. बघताना हसू येतं. हसलं तर चालतं का?

आलेलं हसू दाबू नका. पण ते कशातून येतंय ते बघा.

'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' दाखवला त्या रात्री माळा नुसता खदखदत होता. थडगी हलतात, उडत्या तबकड्यांच्या दोऱ्या दिसतात, आणि एक माणूस चेहऱ्यासमोर झगा धरून फिरत राहतो. मध्यंतरात मी त्या झग्याची हकिगत सांगितली. नट बेला लुगोसी १९५६च्या ऑगस्टमध्ये वारला. दिग्दर्शक एड वुडकडे त्याचं थोडंसं मुकं चित्रण शिल्लक होतं. तेवढ्यावर त्याने पूर्ण सिनेमा रचला आणि उरलेल्या प्रसंगांसाठी एका कायरोप्रॅक्टरला, म्हणजे पाठीचे मणके बसवणाऱ्याला, उभं केलं. त्याचा चेहरा लुगोसीसारखा नव्हता, म्हणून झगा. मध्यंतरानंतर तो झगा पुन्हा आला तेव्हा कुणी हसलं नाही. गेलेल्या मित्राला सिनेमातून जाऊ न देण्यासाठी एक माणूस धडपडत होता, हे सगळ्यांना दिसलं.

त्यामुळे सिनेमा चांगला झाला असं मी म्हणत नाही. संवाद कच्चेच आहेत. पण 'वाईट आहे म्हणून मस्त' हे वाक्य मी वापरत नाही, कारण त्यात बघणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. आमच्या माळ्यावर नियम आहे: पहिल्यांदा बघताना शेरे मारायचे नाहीत. दुसऱ्यांदा मोकळीक.

५. राक्षस रबराचा आहे हे दिसतंय. मग भीती वाटणार कशी?

याचं उत्तर मला आमच्या आबांनी शिकवलं. चाळीस वर्षं त्यांनी फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न केलेत. १९५०च्या दशकातला एक अमेरिकन सिनेमा चालू होता. पाण्यातून रबरी प्राणी वर आला आणि पोरं हसायला लागली. आबा म्हणाले, "थांबव जरा." उठून पडद्याजवळ गेले आणि प्राण्याच्या मानेच्या बाजूने खाली आलेल्या एका बारीक रेघेवर बोट ठेवलं. "ही पार्टिंग लाइन. साचा दोन भागांचा आहे. जोडावर रबर बाहेर आलंय आणि घासायला वेळ मिळालेला नाही." मग बोट वर सरकवून डोळ्यांच्या खाचेशी आणलं. "पण हे बघ. भुवईखाली किती खोल घेतलंय. दिवा वरून पडला की डोळ्यात अंधार राहतो. ज्याने हे केलं त्याला उजेड कळत होता."

तेव्हापासून मी रेघ आधी बघते आणि मग रेघ सोडून बाकीचं. असा मुखवटा कसा होतो ते माहीत असलं की नजर बदलते. मातीत डोकं घडवायचं, त्यावर प्लास्टरचा दोन भागांचा साचा घ्यायचा, आत पातळ रबर ओतायचं, भाजायचं, सोलून काढायचं. न्यूझीलंडच्या पीटर जॅक्सनने १९८७च्या 'बॅड टेस्ट'साठी मुखवटे आईच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजले होते.

भीती मात्र मुखवट्यात थोडीच असते. समोरचा नट त्याच्याकडे कसा बघतो, दिवा कुठून येतो, प्राणी चालताना जमिनीवर भार पडतो का, यात ती असते. १९५३च्या 'रोबोट मॉन्स्टर'मध्ये यंत्रमानवाचा पोशाख परवडला नाही म्हणून गोरिलाच्या पोशाखावर पाणबुड्याचं शिरस्त्राण चढवलं. ते घाबरवत नाही, कारण त्या अंगाला काय हवंय हेच कॅमेऱ्याला ठरवता आलेलं नाही. १९७४च्या 'डार्क स्टार'मधला परग्रहावरचा प्राणी म्हणजे पाय लावलेला समुद्रकिनाऱ्यावरचा फुगवायचा चेंडू. पण तो चेंडू माणसाला लिफ्टच्या खोबणीत लटकवतो तेव्हा हसता हसता घसा कोरडा पडतो. त्याच सिनेमाचा सहलेखक डॅन ओबॅनन याने पुढे चेंडूवर हसू आलं नाही तर भीती तरी वाटू दे, या विचाराने 'एलियन' लिहिला.

६. राक्षस दाखवायचाच नाही आणि नुसत्या सावल्या दाखवायच्या, ही फसवणूक नाही का?

सावलीही कुणीतरी घडवावी लागते. १९४२चा 'कॅट पीपल' बघा. बाई रात्री रस्त्याने जाते, मागून दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज. आवाज थांबतो. शांतता. आपण श्वापदाची वाट बघतो आणि फिस्स करून बस येऊन उभी राहते. निर्माता वॅल ल्यूटन याच्या नावावरून या युक्तीला आजही 'ल्यूटन बस' म्हणतात. पुढचा पोहण्याच्या तलावातला प्रसंग तर पाण्याचे कवडसे आणि आवाजावरच उभा आहे.

फसवणूक तेव्हा होते, जेव्हा न दाखवलेल्या गोष्टीचा विचारच झालेला नसतो. ते पुढच्या उत्तरात.

७. पैसा नव्हता म्हणून वाईट आणि आळस केला म्हणून वाईट, हे कसं ओळखायचं?

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न.

'हॅलोवीन'ची गोष्ट ऑक्टोबरची, पानगळीची. चित्रण झालं कॅलिफोर्नियात, वसंतात. झाडं हिरवीगार. मग पानं रंगवली, रस्त्यावर पसरली, शॉट झाला की गोळा केली आणि पुढच्या गल्लीत पुन्हा पसरली. नीट बघितलं तर मागे हिरवी झाडं दिसतात. ही चूकच आहे. पण पानं वेचणारी माणसं वाकलेली मला दिसतात, आणि त्या चुकीचा मला राग येत नाही.

आळसाच्या खुणा वेगळ्या. दार उघडल्यावर आतला दिवा कुठे आहे हे कॅमेऱ्याला माहीतच नाही. पात्र घाबरतं, पण कोणत्या बाजूला बघून घाबरायचं हे ठरलेलं नाही. धक्का देण्यासाठी दर दहा मिनिटांनी तोच ढणढणाट. यातलं काहीही सुधारायला पैसा लागत नाही. मी मनात एकच विचारते: याच पैशात, आणखी एक दिवस विचार केला असता, तर हे बरं झालं असतं का? उत्तर 'हो' आलं की मी तो सिनेमा माफ करत नाही.

८. 'प्रायमर' दोनदा बघितला. काही म्हणजे काही कळलं नाही. माझंच चुकतंय का?

नाही. ७७ मिनिटांचा आहे आणि मला तिसऱ्या वेळी धागा लागला. शेन कॅरुथने लिहिला, दिग्दर्शित केला, संगीत दिलं, मुख्य भूमिकाही केली. २००४ला सनडान्स महोत्सवात त्याला ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं.

कालरेषांचे, म्हणजे काळात मागे-पुढे जाण्याच्या घटनाक्रमाचे, तक्ते उघडून बसू नका. पहिल्यांदा फक्त दोन मित्र बघा. ज्या गॅरेजमध्ये दोघे वाटून घेऊन काम करत होते तिथे एकजण दुसऱ्यापासून लपवायला कधी लागतो? तेवढं सापडलं की सिनेमा सापडला. ते अर्धवट वाक्यांत, एकमेकांना तोडत बोलतात, त्यामुळे कोडं वाटतं. आबा म्हणाले होते, "लेथवर दोघे काम करतात तेव्हा असंच बोलतात. पूर्ण वाक्य गिऱ्हाइकाशी."

९. विज्ञानपटाला यानं, शहरं, यंत्रं लागतात. ते पैशाशिवाय कसं जमणार?

विज्ञानपटाला सगळ्यात आधी एक नियम लागतो, आणि तो मोडला तर काय होईल याचा हिशोब लागतो. नियम फुकट मिळतो.

क्रिस मार्करचा १९६२चा 'ला जेते' २८ मिनिटांचा आहे आणि जवळजवळ पूर्णच्या पूर्ण स्थिरचित्रांचा. काळात मागे पाठवलेल्या माणसाची गोष्ट, निवेदनातून. आठवणही अशीच थांबलेल्या चित्रांची असते, म्हणून ती रीत खटकत नाही. मग एकाच ठिकाणी, काही क्षणांपुरती, झोपेतून जागी होणारी बाई डोळे उघडते आणि चित्र हलतं. आमच्या माळ्यावर त्या क्षणी कुणीतरी जोरात श्वास घेतल्याचं मला आठवतं.

फ्रेंच दिग्दर्शक गोदारने १९६५च्या 'अल्फाव्हिल'साठी भविष्यातलं शहर बांधलंच नाही. पॅरिसमधल्या नव्या काचेच्या इमारती रात्री चित्रित केल्या. १९९७च्या 'क्यूब'मध्ये हजारो खोल्यांचा चक्रव्यूह आहे, पण सेट मुख्यतः एकाच खोलीचा. भिंतींमागचे रंग बदलले की खोली बदलली. २०१३चा 'कोहिरन्स' दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात पाच रात्रींत झाला. नटांना संहिता दिलीच नव्हती, रोज प्रत्येकाला आपापल्या पात्रापुरती टिपणं मिळायची. जेवणाच्या टेबलाभोवतीचा त्यांचा गोंधळ बराचसा खरा आहे.

१०. मोबाइलवर बघितलं तर चालेल?

पडदा लहान असला तर चालेल, आवाज लहान असला तर नाही. चांगले इयरफोन लावा, दिवा घालवा, पंखा कमी करा.

कमी पैशातल्या सिनेमाचं अर्धं काम आवाज करतो. दिग्दर्शक जॉन कारपेंटरने 'हॅलोवीन' संगीताशिवाय एका स्टुडिओतल्या बाईंना दाखवला तेव्हा त्यांना भीती वाटली नाही. मग त्याने स्वतःच पाच मात्रांच्या ठेक्यावर ती पियानोची धून बसवली. पाच मात्रा असल्याने पाऊल कुठे टेकवायचं ते कानाला कळत नाही, सतत कुणीतरी अर्धं पाऊल पुढे असल्यासारखं वाटतं. आमच्या माळ्यावर पत्रे आहेत. जुलैत कोल्हापूरचा पाऊस पडायला लागला की काही ऐकू येत नाही. त्यामुळे जून ते सप्टेंबर आम्ही मूकपट किंवा सबटायटल्सवर चालणारे सिनेमे ठेवतो.

११. कोल्हापूर म्हणजे कुस्ती, तांबडा-पांढरा. या सिनेमांचा आपल्याशी काय संबंध?

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्यासमोरून रोज जाता ना? तिथेच संबंध आहे.

आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले भाऊ नाटकांचे पडदे रंगवायचे. सिनेमा करायचं वेड लागलं आणि कॅमेरा आपणच घडवायचा असं ठरलं. आनंदराव १९१६ला वारले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना घेऊन काम चालू ठेवलं आणि १९१८ला चालणारा कॅमेरा उभा केला. तानीबाई कागलकरांनी पैशाची बाजू उचलली आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

१९२०ला 'सैरंध्री' आला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की प्रेक्षक घाबरून ओरडले आणि सेन्सॉरने तो प्रसंग काढायला लावला. म्हणजे या गावाने घरी केलेल्या कॅमेऱ्याने सुरुवातीलाच लोकांचा थरकाप उडवला होता. पुढे त्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी १९२९ला इथेच प्रभात काढली. ती १९३३ला पुण्याला गेली.

हे सगळं पौराणिक आणि ऐतिहासिक सिनेमांचं, विज्ञानपटांचं नव्हे, हे मान्य. पण सामान नाही म्हणून हात बांधून बसायचं नाही, ही रीत तीच आहे. उद्यमनगरात एखादं परदेशी मशीन बंद पडलं की त्याचा पार्ट इथेच बनतो. त्या गावच्या माणसाला गोरिलाच्या डोक्यावर शिरस्त्राण बघून नुसतं हसू येऊ नये असं मला वाटतं.

१२. रामसे बंधूंचे सिनेमे यात धरता का? आणि आपले मराठी?

रामसे पहिल्या रांगेत. 'दो गज जमीन के नीचे' हा १९७२चा सिनेमा त्यांनी सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरला केला. सगळं कुटुंब आणि मोजकी मंडळी घेऊन गेले. सात भाऊ. तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, कुमार लेखनाला, गंगू कॅमेऱ्याला, किरण आवाजाला. घरातलीच फळी. त्यांच्याकडे बघताना विनोदी उपकथानकं सोडून द्या आणि रंग बघा. धुक्यातून येणारा निळा, खिडकीतला लाल. हवेलीचा एक दरवाजा उघडायला ते किती वेळ घेतात ते मोजा.

मराठीत 'झपाटलेला'. १९९३चा हा सिनेमा विनोदी आहे, तरी मी धरते, कारण त्यातल्या बाहुल्याच्या मागे रामदास पाध्ये आहेत. शब्दभ्रमकाराची बाहुली बोलत नसतानाही ऐकत असते. तात्या विंचू गप्प असताना त्याची मान बघा.

'तुंबाड' मात्र वेगळा. चित्रण २०१२ला सुरू झालं, सिनेमा २०१८ला आला. खऱ्या पावसासाठी एकामागून एक पावसाळे थांबले. त्याला 'लो बजेट' म्हणणं चुकीचं ठरेल. पण वेळ हेही भांडवल असतं. 'बॅड टेस्ट'ही चार वर्षं सुट्टीच्या दिवशी होत राहिला.

१३. हातात कॅमेरा घेऊन पळणारे सिनेमे सगळे सारखेच वाटतात. डोकंही दुखतं.

डोकं दुखत असेल तर लांबून, लहान पडद्यावर बघा. सारखेपणाची तक्रार बरीचशी खरी आहे. माझी कसोटी अशी: जीव धोक्यात असताना हा माणूस कॅमेरा खाली का ठेवत नाही, याचं उत्तर सिनेमात आहे का? 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'मध्ये आहे. त्यातल्या चित्रण करणाऱ्या मुलीला कॅमेऱ्यातून बघितलं की हे सगळं खरं नसल्यासारखं वाटतं, आणि तो आधार सोडवत नाही. नंतरच्या कैक नकलांमध्ये हे उत्तरच नाही.

१४. 'पंधरा हजार डॉलरमध्ये केला आणि करोडो कमावले' हे खरं असतं?

चित्रणाचा आकडा खरा असू शकतो. ओरेन पेलीने 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' २००७ला स्वतःच्या घरात साधारण तेवढ्यातच चित्रित केला. पण थिएटरात लोकांनी बघितला तो स्टुडिओने घेतल्यानंतरचा, शेवट बदललेला. 'ब्लेअर विच'चंही तसंच. आवाज, प्रिंट आणि जाहिरातीवर नंतर मूळ खर्चाच्या कैक पट गेले. त्यामुळे आकडा ऐकला की विचारा: कुठपर्यंतचा?

आणि कुणाच्या खिशातून, हेही विचारा. 'ब्लेअर विच'च्या तिघा नटांनी कॅमेरे स्वतः चालवले, संवाद बरेचसे स्वतःच रचले, पात्रांना स्वतःची नावं दिली. सिनेमाने जगभरात २४ कोटी डॉलरच्या वर कमावले. २०२४ला त्या तिघांनी आपल्या वाट्यासाठी जाहीर मागणी केली. स्वस्त सिनेमाचं कौतुक करताना ही बाजू मी विसरू शकत नाही. मित्राने प्रेमाने फुकट काम करणं वेगळं आणि नंतर नफा झाल्यावर त्याला विसरणं वेगळं.

१५. मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे. भुताखेतांचे सिनेमे दाखवणं तुम्हाला पटतं कसं?

कॉम्रेड पानसरेंच्या गावात हा प्रश्न मी हलका घेत नाही. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण आणि लुबाडणूक करणाऱ्यांविरुद्ध आहे. सिनेमातलं भूत कुणाकडून कोंबडं, दागिने, पैसे मागत नाही. ते दोन तासांचं असतं आणि आपण स्वतः होऊन त्याच्याकडे जातो.

उलट मला हे तुमच्या कामाच्या जवळचं वाटतं. कार्यकर्ते नारळातून जाळ काढून दाखवतात आणि मग त्यामागचं रसायन समजावतात. आम्हीही सिनेमा संपला की पडदा हलला कसा, सावली कुठून आली, हे माळ्यावर करून दाखवतो. मागच्या वर्षी एका आठवीतल्या मुलीने दोरी, बॅटरी आणि चाळणीने भिंतीवर हात चालवून दाखवला.

माझी हरकत एका ठिकाणी आहे. 'ब्लेअर विच'च्या वेळी नट बेपत्ता आहेत अशी पत्रकं वाटली गेली, आणि त्यातल्या मुलीचं काम करणाऱ्या नटीच्या आईला लोकांची सांत्वनपत्रं आली. गोष्ट पडद्याबाहेर खरी म्हणून विकली की ती माझ्या लेखी गोष्ट राहत नाही.

१६. यात बाईलाच का मारतात नेहमी? मी अर्ध्यातून उठले.

उठलात ते योग्यच केलं. या प्रकारात बाईच्या अंगाचा आणि वेदनेचा स्वस्त वापर भरपूर झालाय, रामसेंच्याही सिनेमांत. कमी पैसा ही त्याची सबब होऊ शकत नाही. कॅमेरा घाबरलेल्या बाईच्या बाजूला उभा आहे की मारणाऱ्याच्या, हे मी बघते. 'कार्निव्हल ऑफ सोल्स' आणि 'कॅट पीपल' दोन्ही बाईच्या आतून बघतात. तिथून परत सुरुवात करून बघा.

१७. मुलांना दाखवू का?

आधी स्वतः बघा. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर आता यूए ७+, १३+, १६+ असे गट असतात, त्याचा आधार घ्या. जुन्या परदेशी सिनेमांना तो आधार मिळेलच असं नाही. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काळा-पांढरा आहे म्हणून सौम्य समजू नका.

१८. कोणती प्रत बघावी? आणि मंडळात दाखवलं तर चालतं?

'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चं नाव ऐनवेळी बदललं. नव्या शीर्षकाच्या पाटीवर स्वामित्वहक्काची ओळ घालायची राहून गेली आणि अमेरिकेत तो सार्वजनिक मालकीचा झाला. त्यामुळे त्याच्या धुरकट प्रती सगळीकडे फिरतात. २०१६ला मूळ निगेटिव्हवरून झालेली दुरुस्त प्रत मिळवा.

काही जुन्या सिनेमांत वरून माइक डोकावताना दिसतो आणि दिग्दर्शकाला शिव्या बसतात. पुष्कळदा दोष प्रतीचा असतो. थिएटरात चौकटीचा वरचा-खालचा भाग झाकला जायचा. टीव्हीच्या प्रतीत तो उघडा पडला.

जाहीर कार्यक्रमासाठी हक्कधारकाची परवानगी आणि प्रमाणपत्र दोन्ही लागतात. गणपती मंडळात पडदा लावणार असाल तर आधी ती व्यवस्था करा.

१९. हल्ली मुद्दाम वाईट केलेले सिनेमे येतात. तेही बघायचे का?

मला ते आवडत नाहीत. करणाऱ्याने आधीच हात वर केलेले असतात. प्रश्न ४ आणि ७ एकत्र वाचलेत तर कारण कळेल. 'वन कट ऑफ द डेड' वरवर तसाच वाटतो, पण तो बरोबर याच्या उलट आहे.

२०. आम्हाला स्वतः एक करायचाय. कॅमेरा म्हणजे मोबाइल, पैसे म्हणजे पॉकेटमनी. काय करू?

जवळ काय आहे त्याची यादी करा आणि गोष्ट त्यातून काढा. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात, यंत्रमागाच्या गावात, शेख नासिरने तिथलीच माणसं घेऊन 'मालेगाव का सुपरमॅन' केला. हिरव्या कापडापुढे नायक उडवला, मध्येच कॅमेरा पाण्यात पडला, तरी सिनेमा पूर्ण झाला. त्यावरचा माहितीपट जरूर बघा.

मागच्या जानेवारीत आमच्याकडे येणाऱ्या तीन मुलींनी करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळात, मालकाला विचारून, दोन रात्री चित्रण केलं. धुक्याचं यंत्र भाड्याने घ्यायला पैसे नव्हते. काहिलीतून वाफ आपोआप येत होती. दिवे नव्हते. चुलवाणात चिपाडं टाकली की उजेड भडकायचा आणि बसायचा, ते त्यांनी तसंच घेतलं. रक्त म्हणून काकवी. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये चॉकलेटचं सिरप वापरलं होतं, काळ्या-पांढऱ्यात ते रक्त दिसतं. काकवीही दिसते. रंगीत ठेवलं तेव्हा मात्र तपकिरी दिसायला लागली, म्हणून पूर्ण फिल्मच काळी-पांढरी केली. पहाटेपर्यंत शर्टाला मुंग्या लागल्या. पुढच्या रात्रीसाठी तसाच दुसरा शर्ट तयार ठेवावा लागला. तुम्हीही दोन ठेवा.

त्यातला एक शॉट मी अजून परत परत लावते. वाफेचा नुसता पांढरा पडदा. त्यातून लांब दांड्याचा झारा बाहेर येतो, काकवी गळतेय, धरणारा दिसत नाही. झारा थांबतो. चिपाडं तडतडतात. अकरा सेकंदं त्यांनी कॅमेरा हलवलेला नाही.